लुनिक नऊ: अख्ख्या रोमा वस्तीचं पाणी तोडून कोण सुधारणार?

परदेशी_पाखरू: नोकरीमुळे दीड वर्ष स्लोव्हाकियात कोशित्सेला होतो. तिथली लुनिक नऊ ही रोमा लोकांची (ज्यांना जिप्सी म्हणतात, मूळचे आपल्याकडचेच) वस्ती, बांधली अडीच हजार माणसांसाठी आणि एकेकाळी राहत होती त्याच्या दुपटीहून जास्त. बिलं थकली म्हणून तेव्हा गॅस बंद, पाणी दिवसातून ठरावीक तास. रोमानी भाषेतही पाण्याला पानीच म्हणतात हो, ते ऐकलं तेव्हा पोटात कालवलं. माझं म्हणणं एवढंच की घरटी मीटर द्या, एकाने थकवलं म्हणून दुसऱ्याचा नळ कोरडा का?

रोखठोक: भावना ठीक आहेत पण बाकीचं शहर बिल भरतंच ना? फ्लॅट मिळाले होते, बिल्डिंगी राहण्यालायक उरल्या नाहीत म्हणून काही पाडाव्या लागल्या. आधी जबाबदारी, मग सोयी.

शेवंता: @रोखठोक दादा, १९९५ च्या सुमारास शहरानेच ठरवून थकबाकीदार कुटुंबं तिथे नेऊन ठेवली, ज्यांच्याकडे पैसे नाहीत असे सगळे एका जागी कोंबले तर बिल्डिंगची डागडुजी करणार कोण आणि कशातून? आणि नोकरी म्हणाल तर शाळेपासूनच वाट अडवलेली. शेजारच्या चेकमध्ये ऑस्ट्राव्हाच्या १८ रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत घातलं होतं, २००७ ला स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला.

रोखठोक: शाळेचं मान्य, ते चूकच. पण मग वस्ती मोडून सगळ्यांना शहरात विखरून टाका की, वेगळं ठेवायचंच कशाला?

गावकुस: विखरायला माझा विरोध आहे. उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोपियेत, शुतो ओरिझारी ही रोमा वस्ती बघा, १९९६ पासून स्वतःची नगरपालिका, महापौर रोमा, कारभारात रोमानी भाषा. गरिबी आहेच, पण तक्रार घेऊन जायला आपला माणूस तरी आहे.

परदेशी_पाखरू: @गावकुस पटतं, फक्त ज्याला बाहेर पडायचंय त्याला शहरात भाड्याने घर मिळायला हवं, तेच मिळत नाही. २०१३ ला कोशित्से युरोपची सांस्कृतिक राजधानी होती आणि त्याच वर्षी शेजारच्या कॉलनीने गाड्यांचं नुकसान होतं म्हणून मध्ये भिंत घातली, युरोपियन कमिशनला ती पाडा म्हणून पत्र लिहावं लागलं. भिंतीला पैसे होते, मीटरला नव्हते.

रोखठोक: भिंतीचं समर्थन मी नाही करणार. घरटी मीटर, तेही प्रीपेड असेल तर माझी हरकत नाही.

शेवंता: प्रीपेडमध्ये पैसे संपले की तान्ह्या बाळाच्या घरातही पाणी बंद. पिण्यापुरतं तरी फुकट सोडा, मग मीटर.