बंदी आणि उत्पादन: श्रीलंकेचे उदाहरण नेमके कोणते?

घातक कीटकनाशकांवरील बंदीमुळे उत्पादन कोसळते, या दाव्यासाठी श्रीलंकेच्या २०२१ मधील निर्णयाचा दाखला दिला जातो. परंतु तो निर्णय रासायनिक खते आणि सर्वच कृषिरसायने एका फटक्यात बंद करण्याचा होता, त्यामुळे भाताचे पीक घटले यात नवल नाही. त्याच देशाने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान आणि पुढे पॅराक्वॉट अशी निवडक, अतिविषारी कृषिरसायने हटवली होती, ते उदाहरण अधिक समर्पक आहे. त्यानंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, आणि पिकांच्या उत्पादनात या बंदीमुळे घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. आत्महत्येसाठी कीटकनाशक पिण्याचे प्रकार थांबले नव्हते. पण हाताशी असलेले कीटकनाशक कमी जहाल झाल्याने रुग्ण वाचू लागले.

आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, त्यांत मजूरही होते. बंदीच्या खर्चाचा हिशेब मांडताना (तो मांडायलाच हवा) अशा कुटुंबांचा उपचारखर्च आणि बुडालेली मजुरी सहसा कोणी धरत नाही.