सागवानी साइड टेबलच्या फळीला तडा गेलाय, पुट्टी भरू का?

खिडकीपाशी:
आईच्या पलंगाशेजारी ठेवायला वर्षभरापूर्वी साइड टेबल करून घेतलं. सगळं भरीव सागवान. उंची मुद्दाम गादीच्या बरोबरीने ठेवली, झोपल्या जागेवरून तिच्या हाताला चष्मा लागावा म्हणून. वरची फळी ४५ सेंमी रुंद, तीन पट्ट्या जोडून केलेली. गेल्या महिन्यात हवा खूप कोरडी झाली आणि एका रात्री खाडकन आवाज आला. सकाळी पाहते तर डाव्या टोकापासून आत १२ सेंमी तडा. व्हिजिटिंग कार्ड उभं आत जातं. तडा जोडावर नाही, मधल्या पट्टीच्याच अंगात, लाकडाच्या रेषा धरून सरळ गेलाय. पुट्टी भरून वरून पॉलिश मारू का? की लाकूडच कच्चं मिळालं? टेबल टाकायचं मात्र अजिबात मनात नाही.

रंधा-पटाशी:
ताई, पुट्टी आत्ता भरू नका. आधी टेबल उलटं करा आणि फळी खालच्या चौकटीला कशी बसवलीय ते सांगा.

खिडकीपाशी:
चारही बाजूंना मिळून आठ स्क्रू आहेत. चौकटीच्या वरच्या काठावर वाळलेला गोंदही दिसतोय, एकदोन ठिकाणी ओघळलेला. फळीची खालची बाजू कोरीच आहे, पॉलिश नाही.

रंधा-पटाशी:
मग कारण सापडलं. माझ्या पहिल्या टेबलाला मी हेच केलं होतं. गोंद आणि स्क्रू दोन्ही लावले, कारण पक्कं म्हणजे चांगलं असं वाटायचं. ती फळीही अशीच फाटली.

लाकूड कितीही वाळलेलं असो, हवेतला ओलावा ते घेत-सोडत राहतं. रेषांच्या दिशेने लांबी जवळपास तेवढीच राहते, रुंदी मात्र बदलते. ४५ सेंमीची फळी कोरड्या आणि दमट हवेत दोन-तीन मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. सागवान त्यातल्या त्यात शांत. बीच नावाचं लाकूड याहून बरंच जास्त हलतं. तुमची फळी आकसायला निघाली आणि खालच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्यांनी तिला दोन्ही कडांना धरून ठेवलं. मग ती फाटणारच. एवढ्यावरून लाकूड कच्चं होतं असं मी म्हणणार नाही.

आता सगळे स्क्रू काढा. गोंद पातळ पात्याने हळूहळू सोडवा. निघत नसेल तर थोडी ऊब द्या, पांढरा गोंद उबेने मऊ होतो. मग आडव्या पट्ट्यांच्या मधोमध एकेक भोक आहे तसं ठेवा आणि बाकीची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा. स्क्रूखाली वॉशर घाला, आवळा, पण करकचून नको. फळी मध्ये धरलेली राहील आणि दोन्हीकडे सरकू शकेल. पुन्हा गोंद लावायचा नाही.

मोकळी केलेली फळी दोन आठवडे तशीच राहू द्या. फट थोडी मिटेल. आत्ता पुट्टी भरली असती तर हवा दमट झाल्यावर फुगणारी फळी त्या कडक पुट्टीवर दाबली गेली असती आणि तडा आणखी आत सरकला असता.

जुनंलाकूड:
वरच्या उत्तरात एक भर. खालची बाजूही पॉलिश करा. एकच बाजू बंद असली की दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी वाटीसारखी वाकते. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतेच.

खिडकीपाशी:
दोन आठवडे झाले. कार्ड आता आत जात नाही, फक्त नख अडकतं. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा फळी ‘टक्’ करून किंचित सरकली, हाताला जाणवलं. इतके दिवस ती ताणूनच बसली होती. आज फटीत गोंद घालून शिकंज्यात धरतेय. किती वेळ ठेवू?

रंधा-पटाशी:
रात्रभर. दाब बेताचा, फट मिटेल एवढाच. शिकंज्याच्या दाताखाली लाकडाची चीप घाला, नाहीतर सागवानाच्या कडेला खळगा पडेल. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळला तर पॉलिशखाली डाग दिसतो.