‘मोदक’ फॉन्ट कुठे वापरावा?

प्रश्न: आमच्या बालनाट्य स्पर्धेच्या फलकासाठी आणि सोबतच्या नियमावलीसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट घ्यावा, असा विचार आहे. दोन्हीकडे तो चालेल का?

उत्तर १: फलकावर जरूर वापरावा. हाताने रेखाटलेल्या फुगीर अक्षरांवर तो बेतलेला असून अक्षरांतली पोकळी बारीक रेघेइतकीच उरते. त्यामुळे मोठ्या आकारात जे गुबगुबीत आणि खेळकर दिसते, तेच नियमावलीतल्या बारीक छपाईत शाईचा डाग होऊन बसते.

उत्तर २: सहमत आहे. शीर्षकात जोडाक्षरे असतील, तर एक प्रत आधी छापून पाहावी. नियमावलीलाही हस्ताक्षराची छटा हवीच असेल (माझ्या मते नसावी), तर ‘कलम’ हा फॉन्ट बरा. त्यात हलके, साधे आणि ठळक असे तीन प्रकार मिळतात.

प्रश्नकर्ता: दोन्ही फॉन्टना परवाना शुल्क पडते का?

उत्तर १: नाही. दोन्ही मुक्त परवान्याचे असल्यामुळे व्यावसायिक छपाईलाही चालतात.