व्ही-क्रॉसचे पुढचे स्ट्रट (शॉकप आणि त्यावरची स्प्रिंग) घरच्या अंगणात बदलता येतील काय?

नंदगडकर

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१८, फोर बाय फोर, १ लाख १८ हजार किमी. डाव्या पुढच्या शॉकपमधनं तेल गळालंय. ओघळ खालच्या बोल्टपर्यंत आलाय आणि त्यावर लाल मातीचा थर बसलाय. स्पीडब्रेकर उतरला की नाक दोन-तीनदा डुलतंय, आणि खड्ड्यात चाक गेलं की पुढनं 'टक्' असा एकच आवाज यालाय. उजवी बाजू कोरडी आहे. गाडी बरीचशी जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर चालते.

घरात ३ टनी ट्रॉली जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच आणि ग्राइंडर आहे. मदतीला भाऊ आहे. विचारायचंय ते असं: एकटा डावाच बदलला तर चालतंय काय? नुसता शॉकप घेऊन जुनी स्प्रिंग वापरावी काय? आणि स्प्रिंग दाबायला दोन हुकांचे लांब स्क्रू मिळतात, ते या गाडीला पुरतील काय?

उद्यमबाग_फिटर

आधी आवाजाचं बघा, पार्ट मग मागवा. तेल गळालेला शॉकप गाडी डुलवतो, ते बरोबर आहे. पण एकच कोरडा 'टक्' बहुतेक वेळा दुसरीकडनं येतो: स्टॅबिलायझर बारची (डावी-उजवी बाजू जोडणारा आडवा दांडा) लिंक, वरचा बॉल जॉइंट, नाहीतर स्ट्रटच्या डोक्यावरचं रबर. नवे शॉकप घालून आवाज तसाच राहिला तर सगळी मेहनत पाण्यात.

तपासायचं असं. जॅक चॅसिसला न लावता खालच्या आर्मखाली (चाकाला चॅसिसशी जोडणारा आडवा हात), बॉल जॉइंटच्या जवळ लावा. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. चॅसिस उचलली तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते आणि जॉइंटमधली ढिलाई हाताला लागत नाही. चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं की वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर भावाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडनं धरून हलवा, तिथला खेळ टाय रॉडच्या टोकाचा.

लिंकसाठी दोन्ही बाजूंच्या लिंक काढून, बार मोकळा बांधून, गल्लीतल्या गल्लीत सावकाश एक फेरी मारा. आवाज गेला तर चोर सापडला. लिंक काढून घाटात मात्र जाऊ नका.

शॉकप दोन्ही बदला. १ लाख १८ हजारावर उजवा कोरडा दिसला तरी त्याची पकड नव्यासारखी नसते. एक ताठ आणि एक मऊ असले तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला झुकते. स्प्रिंगचं वेगळं आहे. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, दोन्ही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखं असेल आणि स्प्रिंगला चीर किंवा खोल गंज नसेल तर जुनी चालते. शॉकपबरोबर डोक्यावरचं रबर, बंप स्टॉप, धुळीचं बूट आणि स्प्रिंगखालचं रबर मात्र नवंच घ्या. तेवढ्या रबरासाठी पुन्हा सगळं उघडायला लागलं तर जिवावर येतं.

पार्ट चॅसिस नंबर सांगूनच घ्या. काही गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, रंगाच्या ठिपक्यांवरनं कळतं. काढताना खडूनं 'डावी', 'उजवी' लिहून ठेवा.

निपाणी_काळीमाती

वरच्या पोस्टशी सहमत. काढायच्या कामाचा क्रम देतो.

जागा पहिली. तुमच्याकडची लाल माती पावसात मऊ होते, आमच्याकडची काळी तर जॅक गिळते. फरशी किंवा काँक्रीट नसेल तर घोड्यांखाली जाड लोखंडी प्लेट किंवा सागाची फळी घाला. विटा अजिबात नकोत. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक वर, गिअर टाकलेला. चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून घ्या.

पुढचा भाग दोन्हीकडनं एकदम उचला आणि घोड्या चॅसिसच्या रेलखाली लावा. आर्मखाली नको, आर्म खाली जायला पाहिजे. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार दुसऱ्या बाजूच्या जोरानं आर्मला वर ओढत राहतो आणि बोल्ट भोकात अडकतो. काम घरी अडतं ते बऱ्याच वेळा इथंच.

चाक काढलं की:

ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या वायरीची पट्टी सोडवा. नकल (ज्यावर चाक बसतं तो लोखंडी भाग) बाहेर झुकला की ताण पहिला वायरीवर येतो, आणि तो सेन्सर स्वस्त नाही.

लिंकचा नट काढताना आतला गोळा बरोबर फिरायला लागला तर दांड्याच्या टोकातल्या भोकात ॲलन की घालून धरा. टोक गंजून गेलं असेल तर ग्राइंडरनं कापा आणि नवी लिंक घाला.

वरच्या बॉल जॉइंटची कॉटर पिन काढा. नट पूर्ण काढू नका, दांड्याच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत सोडा. मग नकलच्या ज्या कानात टेपर (जॉइंटचा निमुळता दांडा) बसलाय त्या कानावर बाजूनं हातोडीचे दोन-चार घाव घाला, पलीकडनं दुसरी जड हातोडी टेकवून धरा. टेपर 'टप्' करून सुटतो. नट तिथं असल्यानं सगळं एकदम अंगावर येत नाही. काट्याचा पुलर घुसवू नका, जॉइंटचं रबर फाटतं. आणि दांड्याच्या टोकावर तर हातोडी मारायचीच नाही, आटे जातात.

जॉइंट सुटला की नकल तारेनं वर बांधा. फोर बाय फोर आहे, नकल बाहेर लोंबला तर पुढच्या चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टचा आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट ओढला जातो. बूट फाटण्याचं मुख्य कारण हेच.

आता खालच्या आर्मला जॅकचा नुसता टेकू द्या आणि स्ट्रटचा खालचा बोल्ट काढा. सगळ्यात शेवटी डोक्यावरचे तीन नट. शेवटचा नट सोडताना खाली एक जण स्ट्रट धरून पाहिजे, तो चांगला जड असतो. जॅक हळूहळू उतरवा, टॉमीनं (लांब लोखंडी पहारीनं) आर्म खाली दाबा आणि स्ट्रट खालच्या टोकाकडनं बाहेर घ्या.

डोक्यावर बरोबर मध्ये जो एक मोठा नट दिसतो त्याला हात लावायचा नाही. बाजूचे तीन गाडीचे आहेत, मधला स्प्रिंगचा आहे.

उद्यमबाग_फिटर

मधल्या नटावरनं स्प्रिंगचं सांगतो, कारण जिवाला धोका इथंच आहे.

स्ट्रट गाडीतनं बाहेर आला, पूर्ण लांब झाला, तरी स्प्रिंग आतमध्ये कित्येक शे किलोच्या दाबानं आवळलेली असते. तिला धरून ठेवणारा एकच नट, तो मधला. स्प्रिंग न दाबता तो सोडला तर डोक्यावरची प्लेट बंदुकीतनं सुटल्यासारखी उडते.

दोन हुकांचे स्क्रू लहान कारच्या स्प्रिंगला पुरतात. पिकअपच्या स्प्रिंगची तार जाड, वेटोळे कमी आणि जवळ. हूक पूर्ण आत बसत नाही, कडेवर राहतो आणि दाब वाढला की घसरतो. हलक्या स्क्रूचे आटेही वाकतात. म्हणून घरी स्ट्रट सोडवा, दोन्ही घेऊन बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं उद्यमबागेत या. प्रेस किंवा भिंतीवरचा स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेलं वर्कशॉप बघून दाबून, बदलून घ्या, आणि परत घरी बसवा. घरात करता येण्यासारखं बाकी सगळं आहे, हे एक नाही.

तिथं उभं राहून बघायच्या गोष्टी:

स्प्रिंग काढायच्या आधी प्लेट, स्प्रिंग आणि खालचं आय (ज्यातनं खालचा बोल्ट जातो ती कडी) यांच्यावर एका सरळ रेषेत खूण करून घ्या. डोक्यावरचे तीन बोल्ट आणि खालचं आय यांचा कोन बदलला तर स्ट्रट गाडीत बसत नाही, बसवला तर खालचं बुश (आयमधलं रबर) पिळलेलं राहतं. नव्या शॉकपवर त्याच खुणा उतरवा.

स्प्रिंगचं खालचं टोक तिच्या बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. टोक पायरीवर चढलं तर पहिल्याच खड्ड्यात ते खाली बसतं आणि नवीनच आवाज सुरू होतो.

मधला नट आवळताना शॉकपचा चकचकीत दांडा ग्रिप पान्यानं धरू देऊ नका. एक बारीक ओरखडा पडला तर सील महिन्याभरात तेल सोडायला लागतं. दांड्याच्या टोकाला धरायची खाच असते. नट नवा घ्या.

नवा शॉकप बसवायच्या आधी उभा धरून पूर्ण दाबून सोडा, चार-पाच वेळा. आडवा पडून आलेल्या शॉकपात गॅस तेलाच्या बाजूला शिरलेला असतो, तो वर जातो. पहिले एक-दोन दाब पोकळ लागतील, मग सलग घट्ट झाला पाहिजे.

नंदगडकर

आभारी आहे. आवाज लिंकचाच निघाला, दोन्ही लिंक मागवल्या. पण डाव्या स्ट्रटचा खालचा बोल्ट अडलाय की. नट निघाला, बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही. हातोडी मारली तर रबरावरनं परत उसळतोय.

निपाणी_काळीमाती

तो फिरत नाहीये अण्णा, फिरल्यासारखा वाटतोय. बुशच्या आत लोखंडी नळी असते, गंजानं बोल्ट त्या नळीलाच चिकटलाय. तुम्ही बोल्ट फिरवला की नळी फिरते, रबर पिळतं, आणि सोडलं की परत येतं. बोल्टच्या डोक्यावर पांढरा ठिपका द्या आणि नळीच्या कडेवर दुसरा. दोन्ही बरोबर हलले तर निदान पक्कं.

गंज सोडवणारं तेल रात्री दोन्ही टोकांना मारून ठेवा. सकाळी नट दोन-तीन आट्यांवर परत चढवा, म्हणजे बोल्टचे आटे वाचतात, आणि नटावर जड हातोडीनं मोजके घाव घाला. हलक्या हातोडीचे शंभर घाव रबरच खाऊन टाकतं. मधेमधे बोल्ट पुढं-मागं फिरवत राहा.

तरीही नाही निघाला तर कापा. शॉकप तसाही टाकायचाच आहे. आयच्या दोन्ही बाजूंना, बुश आणि आर्मचा कान यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन ठिकाणी कापायचा. आर्मच्या कानाला पातं लागू देऊ नका. गॅस कटर नको. रबर पेटतं आणि शेजारीच तेल-गॅस भरलेला शॉकप आहे. बोल्ट त्याच लांबीचा, त्याच ग्रेडचा घ्या. डोक्यावरचा ग्रेड बघा, १०.९ असेल तर ८.८ चालणार नाही. बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस चोळा, आट्यांना नको.

चंदगड_सुपरकॅरी

मधेच विचारतो. मारुती सुपर कॅरीला हेच सगळं लागू आहे काय? आणि बोलेरो पिकअपला?

उद्यमबाग_फिटर

नाही. सुपर कॅरीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथं वरचा आर्म नसतो, स्ट्रटच नकलला बोल्टांनी आवळलेला असतो. त्या बोल्टांच्या भोकात थोडी जागा असेल तर चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) तिथंच बदलतो. म्हणून सोडायच्या आधी स्ट्रट आणि नकल यांच्या सांध्यावर छिन्नीनं बारीक रेघ मारून घ्या. स्टेअरिंग वळलं की स्ट्रटही फिरतो, त्यामुळं डोक्यावरचं बेअरिंग हातानं फिरवून बघा, खरखर लागली तर बदला. स्प्रिंगचा धोका तोच.

बोलेरो पिकअपला पुढं पाटे आहेत, शॉकप वेगळा लटकलेला. वरचा-खालचा नट काढला की झालं, स्प्रिंग दाबायचा प्रश्नच नाही.

निपाणी_काळीमाती

नंदगडकर, बसवतानाचं राहिलं होतं. आधी डोक्यावरचे तीन नट हातानं, मग खालचं आय कानात, जॅकनं आर्म वर घेत भोकं जुळवा. टॉमीनं भोक जुळवा, बोट घालून नाही. बॉल जॉइंटचा नट टॉर्कला आवळल्यावर कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर आणखी थोडा आवळा, मागं सोडू नका. पिन नवी.

खालचा स्ट्रट बोल्ट आणि लिंकचे नट हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाक लोंबत असताना आवळलं की बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही हजार किलोमीटरात फाटतं. चाकं जमिनीवर टेकवा, पुढून दोन-चारदा दाबून सोडा, गाडी हातभर पुढं-मागं ढकला, मग खाली सरकून टॉर्क रेंच लावा. व्ही-क्रॉसच्या खाली तेवढी जागा आहे. टॉर्कचे आकडे तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्या, व्हॉट्सॲपवरच्या फोटोतले नको. आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात, ग्रीस लागलं तर तोच आकडा बोल्ट ताणून टाकतो.

नंदगडकर

डोक्यावर १० मिमीचा स्पेसर घालून थोडी उंची घ्यावी काय, एवढं उघडलंच आहे तर?

उद्यमबाग_फिटर

स्ट्रट आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून वरचे १० मिमी चाकाजवळ जवळजवळ दुप्पट होतात. त्यानं सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, आणि चाक लोंबलं की वरचा बॉल जॉइंट आपल्या टोकाला जाऊन टेकतो. जांबोटीच्या खड्ड्यांत ते रोज होणार. घालू नका.

अलाइनमेंट लगेच करू नका. रबरं आणि स्प्रिंग बसायला दोन-तीनशे किलोमीटर द्या, तोवर स्टेअरिंग फार ओढत असेल तरच आधी जा. गाडीत नेहमी असतं तेवढं सामान ठेवूनच मशीनवर चढवा. त्याच वेळी तिन्ही नट आणि खालच्या बोल्टवर टॉर्क रेंच पुन्हा टेकवून बघा. पुढची उंची बदलली असेल तर हेडलाइटही उतरवून घ्या, नाहीतर चोर्ला घाटात समोरनं येणारा प्रत्येक टेम्पो तुम्हाला डिपर मारणार.