अब्जाधीशांच्या अंतराळवाऱ्या: पैसा त्यांचा, धोका कुणाचा?

लघुग्रह (धागाकर्ता)

११ जुलै २०२१ रोजी व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन आपल्या कंपनीच्या यानातून सुमारे ८६ किलोमीटर उंचीवर जाऊन आले. नऊ दिवसांनी ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस त्यांच्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड यानातून १०७ किलोमीटरवर. उतरल्यावर बेझोस यांनी ॲमेझॉनच्या कर्मचाऱ्यांचे आणि ग्राहकांचे आभार मानले: याचे पैसे तुम्हीच भरलेत! तेव्हापासून खासगी अंतराळ म्हटले की 'श्रीमंतांचे चोचले' हा शिक्का ठरलेला.

माझे म्हणणे असे की दोन अगदी निराळी कामे एकाच पिशवीत कोंबली जातात. न्यू शेपर्ड ध्वनीच्या साधारण तिप्पट वेगाने वर जाते आणि दहा-अकरा मिनिटांत खाली येते. त्यात तीनेक मिनिटे वजनरहित अवस्था. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत टिकायला सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो. दर किलोमागे लागणारी ऊर्जा हिशेबात घेतली तर हे काम शंभर किलोमीटर वर जाण्याच्या तीसपटीहून अधिक आहे. पहिल्याला खुशाल हौस म्हणा. दुसऱ्याने मात्र बाजार बदलला. ढोबळ हिशेबाने नासाच्या जुन्या स्पेस शटलमधून एक किलो कक्षेत न्यायला पन्नास हजार डॉलरच्या आसपास पडायचे, इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये तीन हजारांच्या आसपास. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा पहिला टप्पा जमिनीवर परत उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेलाच टप्पा पुन्हा उडवला, हे त्यामागचे मोठे कारण.

अमेरिकी लोकमतही सरसकट विरोधात नाही. लोकमत अजमावणाऱ्या प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ६५ टक्के म्हणाले की नासा हवीच, ३२ टक्क्यांना खासगी कंपन्या पुरेशा वाटल्या. नासाने आधी काय करावे? लघुग्रहांवर नजर ठेवण्याला ६० टक्क्यांनी अग्रक्रम दिला, चंद्रावर माणूस पाठवण्याला १२ टक्क्यांनी.

जमाखर्च

असहमत. 'त्यांचा पैसा' हेच आधी तपासू. स्पेसएक्सचे पहिले रॉकेट फाल्कन १ ओळीने तीनदा पडले, २००६, २००७ आणि ऑगस्ट २००८. चौथे २८ सप्टेंबर २००८ ला कक्षेत पोचले. त्याच डिसेंबरात नासाने अंतराळ स्थानकापर्यंतच्या १२ मालवाहू फेऱ्यांचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. त्याआधी २००६ पासून विकासासाठीची मदत चालू होतीच, ती पुढे ३९६ दशलक्ष डॉलरवर गेली. म्हणजे कंपनी तरली ती करदात्याच्या पैशावर, आणि मालकी मस्क यांची. बेझोस तर २०१७ मध्ये सांगत होते की ब्लू ओरिजिनसाठी दरवर्षी ॲमेझॉनचे सुमारे एक अब्जाचे शेअर विकतो. प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने जून २०२१ मध्ये छापले की २००७ आणि २०११ या वर्षांत त्यांनी केंद्रीय प्राप्तिकर शून्य भरला. लोकांचा राग या गणितावर आहे, रॉकेटवर नाही.

ठोकताळा

@जमाखर्च, करावरचा राग रास्त, पण तो करकायद्यावर काढा. कंत्राटाचा प्रकार तुम्ही पाहिलाच नाही. जुनी पद्धत अशी, की जो खर्च होईल तो सरकार भरणार आणि वर ठरलेला नफा. काम लांबले तरी कंपनीचे काही बिघडत नाही. नवीन पद्धतीत रक्कम आधीच बांधलेली. कामाचा टप्पा पुरा करून दाखवला की हप्ता मिळतो, खर्च वाढला तर कंपनीच्या खिशातून.

यातून काय होते त्याचा नमुना म्हणजे बोइंगचे माणसे नेणारे यान स्टारलायनर. २०१४ मध्ये अंतराळवीरांना स्थानकावर नेण्याच्या कामासाठी नासाकडून बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरचे कंत्राट मिळाले. जून २०२४ मध्ये बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स स्टारलायनरमधून आठवडाभराच्या बेताने गेले. हेलियम गळू लागला, आणि स्थानकाजवळ जाताना दिशा वळवणाऱ्या २८ छोट्या इंजिनांपैकी (थ्रस्टर) पाच बंद पडले. पुढे जमिनीवरच्या चाचण्यांत दिसले की थ्रस्टर दाटीने बसवलेल्या कप्प्यात उष्णता साचते, झडपेतले टेफ्लॉनचे सील फुगते आणि इंधनाची वाट अडते. पाचांपैकी चार परत चालू झाले, तरी नासाने माणसे त्यात बसवून आणायला नकार दिला. दोघे १८ मार्च २०२५ ला स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून उतरले. बोइंगचा तोटा दीड अब्जाच्या वर गेला आणि तो बोइंगनेच सोसला. जुन्या पद्धतीत हे बिल कुणाकडे गेले असते?

जमाखर्च

पैशाचा तोटा बोइंगचा, हे मान्य. पण दोन माणसे आठ दिवसांसाठी जाऊन नऊ महिने वर राहिली, त्याचा हप्ता कोणत्या टप्प्यात धरला होता?

कलम सहा

पैशावर दोन्ही बाजूंनी पुरेसे झाले. जबाबदारीकडे कुणी वळतच नाहीये. १९६७ च्या अंतराळ कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीच्या कृत्यालाही तिचा देशच जबाबदार. १९७२ चा दायित्व करार आणखी कडक: तुकडा परक्या जमिनीवर पडून नुकसान झाले, तर चूक कुणाची हे न विचारता प्रक्षेपण करणाऱ्या देशाने भरपाई द्यायची.

अमेरिकेच्या घरच्या कायद्यात कंपनीने तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा काढायचा, कमाल ५० कोटी डॉलरपर्यंत. त्यावरची रक्कम, महागाईनुसार वाढत जाणाऱ्या मर्यादेपर्यंत, अमेरिकी संसदेच्या (काँग्रेस) मंजुरीने सरकार भरणार. १६ जानेवारी २०२५ ला स्पेसएक्सच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचा वरचा टप्पा फुटला, कॅरिबियन भागातल्या टर्क्स आणि कायकोस बेटांच्या बाजूला तुकडे पडले आणि कित्येक प्रवासी विमाने वळवावी लागली. ६ मार्चला पुन्हा तेच. त्या विमानांच्या जादा इंधनाचे आणि चुकलेल्या जोडविमानांचे पैसे रॉकेटच्या तिकिटात धरलेले नसतात.

आपल्याकडेही हे लागू आहे. स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला आणि अग्निकुल कंपनीचे अग्निबाण ३० मे २०२४ ला श्रीहरिकोटाहून उडाले. उद्या असे रॉकेट परदेशात पडले, तर दावा भारत सरकारवर येणार. आनंदाने टाळ्या वाजवा, पण हे लक्षात असू द्या.

काजळी

धुराचेही बोला. न्यू शेपर्ड हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालते, शेपटीतून वाफ निघते, म्हणून 'स्वच्छ' म्हणतात. पण बाजारातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो, कर्ब तिथे सुटतो. ब्रॅन्सन यांच्या यानात रबरासारखे घन इंधन आणि नायट्रस ऑक्साइड होते, फाल्कनमध्ये केरोसीन. या दोन्हींतून काजळी निघते. खालच्या हवेतली काजळी पाऊस काही दिवसांत धुऊन काढतो, त्याच्या वरच्या थरात, स्थितांबरात, पाऊसच नाही, तिथे ती वर्षानुवर्षे राहते. उड्डाणे थोडी आहेत तोवर ठीक. रोजची झाली की ठीक राहणार नाही.

लघुग्रह

@कलम सहा, प्रतिसाद आवडला, पण ग्राहकाने डोळे उघडे ठेवले तर खासगी रॉकेटही जरबेत राहते. स्पेसएक्सच्या रॉकेटने अंतराळ स्थानकावर गेलेल्या २०२५ च्या ॲक्झियम-४ या खासगी मोहिमेत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्या आसनासह भारताने साधारण ५५० कोटी रुपये मोजले. तळावरच्या सात सेकंदांच्या इंजिनचाचणीत द्रव ऑक्सिजनची गळती दिसली. इस्रोचे लोक तिथे होते. चर्चा होऊन ठरले, की आधी गळती दुरुस्त करायची, पुन्हा तपासायची, मग उड्डाण. पुढे स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीनेही वेळ घेतला. ११ जूनचे उड्डाण २५ जूनला झाले.

कलम सहा

इस्रो तिथे होती म्हणून. दहा मिनिटांच्या तिकिटवाल्यामागे कोण उभे असते? अमेरिकेत २००४ पासून प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करण्यावरच जवळजवळ बंदी आहे. मुदत वाढत वाढत १ जानेवारी २०२८ वर आली. सध्या प्रवाशाला फक्त लेखी कळवायचे, की हे यान सरकारने सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेले नाही. त्याने सही केली की झाले.

ब्रॅन्सन यांच्या कंपनीच्या यानाचा चाचणी उड्डाणातला ३१ ऑक्टोबर २०१४ चा अपघात घ्या. खाली येताना वेग आवरायला या यानाची शेपूट वळते; तिची कुलूपकळ ध्वनीच्या १.४ पट वेगावर सोडायची होती, सहवैमानिकाने ती ०.८ पट वेगावरच सोडली. शेपूट वळवायची दुसरी कळ कुणी ओढली नव्हती, हवेच्या दाबानेच ती वळली आणि यान फुटले. चौकशीत बोट ठेवले गेले ते यान बनवणाऱ्यांवर: एका माणसाच्या एका चुकीने सगळे जाऊ शकते, हे त्यांनी धरलेच नव्हते. साधे कुलूप, ठरावीक वेगाखाली न उघडणारे, हे नियमातच हवे.

ठोकताळा

आणि १२ सप्टेंबर २०२२? मोजून मिनिटभरात न्यू शेपर्डच्या इंजिनाचे नॉझल तापून तुटले, सुटकेच्या मोटरने प्रवाशांची कुपी ढकलून दूर नेली आणि ती छत्रीवर अलगद उतरली. आत प्रवासी नव्हते, पण असते तरी वाचले असते. ती मोटर बसवा, असे कोणत्याही नियमाने सांगितले नव्हते.

कलम सहा

बरोबर, सांगितले नव्हते. म्हणूनच एका कंपनीकडे ती होती आणि ब्रॅन्सन यांच्या यानात नव्हती.