लहान मुलांची शुगर आणि सोसायटीतली जातवार पाहणी

नेरूळची_आई:
काल इथे 'खाडीकाठ' यांनी लिहिलं की नवी मुंबईत सगळ्या प्रांतांची माणसं राहतात, सोसायटीत एक चक्कर मारा, लहानपणी शुगर होते ती गुजराती, सिंधी, पंजाबी पोरांना. आगरी-कोळ्यांकडे तांदळाची भाकरी आणि म्हावरं, तिथे असले लाड नाहीत. खाली ६५ अंगठे! रात्रभर डोक्यात तेच, म्हणून हे लांबलचक उत्तर.

माझी लेक सात वर्षांची असताना पंधरा दिवस सारखी पाणी पीत होती. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू. एका सकाळी चादर बाल्कनीत टाकली, तासाभराने बघते तर डागाभोवती मुंग्या. सासूबाई म्हणाल्या, गोड खाते ना फार. मग उलट्या, पोटदुखी. डॉक्टर म्हणाले पोट बिघडलंय, मीठ-साखर-पाणी पाजा. आम्ही पाजलं. दुसऱ्या दिवशी पोर धापा टाकतेय आणि तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास. चार दिवस आयसीयू. निदान टाइप १ शुगर. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते, त्यात पेढ्यांचा काही संबंध नाही. आम्ही देवरुखचे, आमच्याकडे आजवर कुणाला शुगर नव्हती.

वंशावर बोलायचंच तर नीट बोला. टाइप १ जगात सगळ्यात जास्त फिनलंडमध्ये. पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे वर्षाला ५०च्या वर नवे रुग्ण, जपानात २-३. फिनलंडवाले काय रोज बासुंदी पितात?

खाडीकाठ:
मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. फिनलंड वेगळं, जपान वेगळं, म्हणजे वंश आलाच की. आणि मी बोलत होतो ते टाइप २ बद्दल, ज्यात इन्सुलिन बनतं पण शरीराला नीट लागू पडत नाही. बारा-तेराव्या वर्षी सुटलेलं पोट, मानेवर काळा जाड पट्टा, हातात मोबाइल.

ऐरोलीचा_बोका:
कालच्या पोस्टमध्ये 'टाइप' हा शब्द दोनदा शोधला. नाही सापडला.

नेरूळची_आई:
वंश आहे, मी नाही कुठे म्हटलं? सार्डिनिया इटलीचंच बेट, पण तिथलं प्रमाण इटलीच्या मुख्य भूमीपेक्षा कितीतरी जास्त. पण फिनलंडची हद्द ओलांडून रशियाच्या कारेलियात जा. माणसांची जनुकं मिळतीजुळती, प्रमाण मात्र साधारण सहाव्या हिश्श्यावर. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचं ऐका. आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्यांच्या मुलांत १९७८-८१ ला लाखात ३.१ होतं, १९८८-९० ला ११.७. दहा वर्षांत कुणाची जात बदलली?

दिवाळे_गाववाला:
आमचं नाव निघालं म्हणून बोलतो. कसलं म्हावरं घेऊन बसलात, खाडी राहिलीय का तशी? जमिनी सिडकोत गेल्या, बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उठली, भाडं येतं, पोरगा नाक्यावर जायलासुद्धा बाइक काढतो. माझ्या पुतण्याला सोळाव्या वर्षी टाइप २ निघाला. आमच्यात नाही असं परस्पर ठरवू नका.

हर्बल_आजोबा:
कारल्याचा रस, अनशापोटी. इंजेक्शनं सुटतात.

ऐरोलीचा_बोका:
आजोबा, माणसाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं १९२२ साली. कारली त्याआधीही होती आणि टाइप १ ची मुलं तेव्हा जगत नव्हती.

सीवूड्स_बाबा:
जात-वंश राहू द्या, शाळेचं बोला. माझ्या मुलाचं इन्सुलिन पेन 'टोकदार वस्तू' म्हणून दप्तरातून काढून घेतलं. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं जवळ ठेवायला परवानगी दिलीय, आणि इथे साध्या तासाला बिस्किट खाल्लं तर उभं करतात.

निवृत्त_बाई:
वर्गात ५२ मुलं असायची माझ्या. मी शिक्षिका, नर्स नव्हे. डोस चुकला तर हेच पालक पोलीस घेऊन दारात येतात, हे बोला ना.

सीवूड्स_बाबा:
डोस द्या म्हणालो मी? तो नऊ वर्षांचा आहे, स्वतः टोचतो. तुम्ही फक्त अडवू नका!

निवृत्त_बाई:
आवाज चढवू नका. तुमच्याएवढी माणसं माझ्या हाताखालून गेलीत.

सीवूड्स_बाबा:
मग ऐकाच. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कशात किती साखर ते. कल्पना चांगली. आमच्याकडे बोर्ड लागला आणि पोरं याला 'ए साखर' म्हणू लागली. मागच्या महिन्यात पीटीनंतर याची शुगर घसरून ५८. हात थरथरतायत, दरदरून घाम, ग्लुकोजच्या पुडीचं तोंड फाडता येईना. शेजारच्या मुलाने पुडी हिसकावून घेतली, 'तुला साखर चालत नाही' म्हणून. बिचाऱ्याला वाटलं, आपण जीव वाचवतोय.

निवृत्त_बाई:
हे मला माहीत नव्हतं. आम्हाला कुणी सांगितलंही नाही, तेही लिहून ठेवा.

नेरूळची_आई:
मी दर जूनला नव्या वर्गशिक्षिकेला एका कागदावर लिहून देते: शुगर ७० च्या खाली गेली तर साखर द्या, शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, मला फोन करा. यंदाच्या बाईंनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

खाडीकाठ:
बरं बाबांनो, जिंकलात. पोस्टमधून गुजराती-सिंधी काढतो. लाडांचं वाक्य राहणार.

नेरूळची_आई:
राहू द्या. त्याच्या आधी 'टाइप २' घाला.

दिवाळे_गाववाला:
आणि आगरी-कोळीपण काढा.