आक्रमक देशाला जी-२० मधून बाहेर ठेवणारा कायदा: हवा की नको?

वैनतेय
मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं. युक्रेनवर हल्ला करणाऱ्या रशियाच्या सरकारी प्रतिनिधींना जी-२०, बाझलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स (मध्यवर्ती बँकांची बँक), जागतिक वित्तव्यवस्थेवर लक्ष ठेवणारं फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड अशा व्यासपीठांवरून शक्य तितकं बाहेर ठेवायचं, हा त्याचा गाभा. तैवानला धोका निर्माण केल्यास चीनसाठीही त्याच धर्तीचं विधेयक तिथे मांडलं गेलंय. माझं मत: असा कायदा हवाच, आणि फक्त अमेरिकेत नव्हे.

नेत्यांच्या मर्जीवर सोडलं की काय होतं ते बघा. मार्च २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावर रशियाला जी-८ या बड्या देशांच्या गटातून बाहेर काढलं, सोचीची ठरलेली परिषद ब्रुसेल्सला हलवली. २०१८ मध्ये ट्रम्प म्हणाले, रशियाला परत घ्या. क्रिमिया तेव्हाही रशियाच्याच ताब्यात होता! २०२५ मध्ये पुन्हा तेच. म्हणजे एका माणसाचं मत फिरलं की शिक्षा माफ.

एप्रिल २०२२ मधली वॉशिंग्टनची जी-२० अर्थमंत्र्यांची बैठक आठवा. रशियाचे अर्थमंत्री सिलुआनोव व्हिडिओवरून बोलायला लागले तसे अमेरिकेच्या अर्थमंत्री येलेन, कॅनडाच्या फ्रीलंड आणि युक्रेनचे अर्थमंत्री मार्चेंको उठून बाहेर गेले. ज्याच्या देशावर क्षेपणास्त्रं पडतायत त्यानेच खोलीबाहेर जायचं, आणि पाडणाऱ्याचं भाषण आत चालू! हे मला सहन होत नाही.

हिशोबनीस
वैनतेयराव, संताप रास्त आहे, पण कायदा करणं सोपं, मागे घेणं महाकठीण. सोव्हिएत संघ ज्यूंना देश सोडू देत नाही म्हणून अमेरिकेने १९७४ मध्ये व्यापारसवलती रोखणारं जॅक्सन-व्हॅनिक कलम आणलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. रशियापुरतं ते कलम रद्द व्हायला २०१२ उजाडलं!

आणि आपलं विसरलात? १९९८ मध्ये पोखरणनंतर ग्लेन दुरुस्तीने (अणुचाचणी करणाऱ्या देशावर निर्बंध सक्तीचे करणारं अमेरिकन कलम) राष्ट्राध्यक्ष क्लिंटनचे हात बांधलेले होते, निर्बंध लावावेच लागले. जून महिन्यात जी-८ ने जागतिक बँकेची कर्जंसुद्धा लांबवायची ठरवली. आपण तेव्हा कुणावर आक्रमण केलं होतं? हत्यार एकदा तयार झालं की ते कुणावर चालेल हे आपल्या हातात राहत नाही.

वैनतेय
पोखरण आणि बुचा (रशियन सैन्याने नागरिकांना मारलं ते युक्रेनचं गाव) एका पारड्यात घालू नका. वाळवंटातली चाचणी वेगळी, शेजाऱ्याची गावं बेचिराख करणं वेगळं. कायद्याची मुदत कायद्यातच लिहा: सैन्य मागे गेलं की बंदी उठली.

मुळाकाठ
जानेवारी २०२३ मध्ये आमच्या पुण्यात जी-२० च्या पायाभूत सुविधा गटाची बैठक झाली, भिंती रंगल्या, रस्ते चकाचक झाले, म्हणून तेव्हा थोडं वाचलं होतं. जी-२० ला ना घटना, ना कायमचं सचिवालय. आमंत्रण अध्यक्ष देश देतो. अमेरिकन कायद्याने इंडोनेशिया किंवा भारतासारख्या अध्यक्ष देशाला काय फरक पडणार? फार तर अमेरिकाच बैठकीला येणार नाही.

पण रशिया आत असल्याची किंमतही खरी आहे हो. फेब्रुवारीत बंगळुरूला अर्थमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालंच नाही. अध्यक्षांच्या सारांशाला तळटीप जोडावी लागली: परिच्छेद ३ आणि ४ रशिया व चीन वगळता सर्वांना मान्य. हे परिच्छेद आधीच्या जी-२० शिखर परिषदेच्या बाली जाहीरनाम्यातूनच घेतलेले, आणि तो तर या दोघांनीही तीन महिन्यांपूर्वी मान्य केला होता.

तरी बाहेर काढू नये असंच मला वाटतं. जुलै २०२२ चा काळ्या समुद्रातला धान्यकरार रशियाला समोर बसवूनच झाला. त्या युद्धात सूर्यफूल तेल कसं भडकलं ते घर चालवणाऱ्यांना विचारा.

रानवारा
इराकचं काय? २००३ मध्ये अमेरिकेला कुणी बाहेर काढलं?

वैनतेय
कुणी नाही, आणि काढायला हवं होतं. तेव्हाचा अन्याय आजच्या अन्यायाला परवाना ठरत नाही.

मुळाकाठताई, तोच धान्यकरार रशियाने वर्षभरात सोडला. समोर बसवून टिकाऊ काय मिळालं? आणि बाहेर काढता येत नाही असंही नाही. बाझलच्या बँकेने मार्च २०२२ मध्येच रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सहभाग थांबवला, काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफने २०२३ मध्ये सदस्यत्व स्थगित केलं.

हिशोबनीस
मग कायदा कशाला? हे दोन्ही त्याच्याशिवायच झालं ना! आणि आक्रमक कोण हे कोण ठरवणार? वॉशिंग्टन?

वैनतेय
संयुक्त राष्ट्रांची आमसभा. २ मार्च २०२२ ला १४१ देश युक्रेनच्या बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. दोन तृतीयांशांहून कितीतरी जास्त. हीच अट कायद्यात घाला.

हिशोबनीस
त्या ३५ मध्ये आपण होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेचे यजमानही आपणच, आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह आले होते. तुमच्या कायद्याप्रमाणे त्यांना व्हिसा नाकारायचा, बरोबर? रशियाकडून एवढं तेल घेत असताना? सरळ उत्तर द्या.

वैनतेय
हो. नाकारायचा.